लंगड्या घोड्याची चिकित्सा

झांशीचे नाव उच्चारले की डोळ्यांपुढे राणी लक्ष्मीबाई उभी राहते, आणि ती उभी राहते घोड्यासह. तिची जी चित्रे घरोघरी लागली, जे पुतळे शहरोशहरी उभारले गेले, त्यांतला घोडा बहुधा पुढचे दोन्ही पाय उचलून उसळी घेत असतो. पाहणाऱ्याची दृष्टी राणीच्या तलवारीवर जाते, पाठीशी बांधलेल्या दत्तक पुत्रावर जाते. घोड्याच्या पायांकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः राणीच्या आयुष्यातले अखेरचे अडीच महिने या पायांवरच तोललेले होते. सर ह्यू रोझच्या फौजेने शहर घेतल्यावर ४ एप्रिल १८५८ च्या रात्री राणी किल्ल्यातून बाहेर पडली आणि भांडेरमार्गे काल्पीला पोहोचली. सुमारे १०० मैलांची ती दौड चोवीस तासांत पुरी झाली आणि काल्पीला पोहोचताच घोडा कोसळला, असे परंपरा सांगते. पुढे १७ जूनला ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराई येथे जी अखेरची चकमक झाली, तिच्याविषयीही घोड्याचीच गोष्ट सांगतात: कसलेला घोडा गेला होता, नवा घोडा ओढ्याच्या काठी अडला, आणि तेवढ्या अवधीत शत्रूने गाठले. इंग्रजांकडील वृत्तांत निरनिराळे आहेत आणि त्यांचा या गोष्टीशी पुरता मेळ बसत नाही. परंतु मराठी मनाने जी हकीकत जतन केली, तिच्यात राज्याचे भवितव्य घोड्याच्या चार पायांवर ठेवलेले आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

झांशीच्या किल्ल्यावर गेलेल्या प्रवाशाला तटावरची एक जागा दाखवतात. राणीने घोड्यासह येथून खाली उडी घेतली, असे तेथे सांगितले जाते. इतिहासकारांनी ही दंतकथा केव्हाच बाजूला ठेवली आहे. ती दरवाजातून, निवडक स्वारांसह बाहेर पडली हेच त्यांना संभवनीय वाटते. एखाद्या अश्ववैद्याला विचारले तर तो इतिहासाची पाने न उलटताच हाच निर्णय देईल. त्या उंचीवरून उतरलेल्या घोड्याचे पाय जागच्या जागी निकामी होतात. मग त्या पायांनी भांडेर गाठणे आणि तेथून काल्पी गाठणे दूरच. वीरकथेला घोडा लागतो, पण घोड्याला सांधे असतात याचा तिला विसर पडतो.

राणीला स्वतःला मात्र त्याचा विसर कधी पडला नसावा. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे बंडाच्या धामधुमीत झांशीत होते. त्यांनी लिहून ठेवलेला ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. त्या पुस्तकाने आणि त्याआधी १८९४ साली दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी लिहिलेल्या चरित्राने राणीची जी मूर्ती मराठी वाचकांपुढे ठेवली, तिच्यात अश्वपरीक्षेला मोठे स्थान आहे. त्या काळी उत्तर हिंदुस्थानात घोड्याची पारख असणारी तीन माणसे नावाजलेली होती, असे सांगतात: ब्रह्मावर्ताचे नानासाहेब पेशवे, ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे आणि झांशीची राणी. एक सौदागर दोन घोडे घेऊन आला. दोन्ही दिसायला सारखेच उमदे. राणीने दोन्ही रिंगणात फिरवून पाहिले, एकाची भरघोस किंमत सांगितली आणि दुसऱ्याची अवघी पन्नास रुपये. भोवतालच्या मंडळींना कोडे पडले. दुसऱ्या घोड्याची छाती फुटलेली आहे, असा तिचा निर्णय होता, आणि सौदागराला तो मान्य करावा लागला. ही आख्यायिका शब्दशः खरी मानायची की नाही, हा प्रश्न वेगळा. पण तिच्यातली दोन माणसे फार जुनी आणि फार खरी आहेत. एक, जायबंदी जनावर धडधाकट म्हणून पुढे करणारा. आणि दुसरे, चकाकत्या कातडीला न भुलता ते जनावर चालवून पाहणारे. लंगड्या जनावराच्या चिकित्सेचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी या दोघांचाच इतिहास आहे.

मराठ्यांच्या राज्यात ही पारख म्हणजे शोकाचा विषय नव्हता, पोटाचा होता. नारो शंकराच्या सुभेदारीत, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यास, जी महाराष्ट्रीय कुटुंबे झांशीत येऊन वसली, त्यांच्यामागे घोडदळाचीच परंपरा होती. या घोडदळात स्वार दोन प्रकारचे. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. शिलेदाराचा घोडा लंगडला तर त्याचे भांडवल बुडाले, मान गेली, आणि दुसरा घोडा घेण्याची ऐपत नसल्यास त्याला दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसण्याची पाळी आली. म्हणूनच पायांची काळजी ही राज्यव्यवस्थेची बाब झाली होती. शिवछत्रपतींच्या पागेची रचना सांगताना सभासदाच्या बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमल्याचा उल्लेख आहे. पाणी आणि नाल! पंचवीस स्वारांच्या तुकडीला यांवाचून गत्यंतर नव्हते, हे त्या रचनाकाराने ओळखले होते. नाल वाकडी बसली की खूर वाकडे पडते, खूर वाकडे पडले की वरच्या सांध्यावर भार चुकीचा येतो, आणि लंगडेपणाचा उगम पुष्कळदा तेथेच असतो. आजचा पशुवैद्यही लंगडा घोडा समोर आला की पहिल्याने त्याचे खूर उचलून पाहतो.

नालबंदाच्या वर असे तो सालोत्री. हा शब्द शालिहोत्र या ऋषिनामावरून आला. शालिहोत्राचा अश्ववैद्यकाचा ग्रंथ, नकुलाच्या नावावर चालणारे अश्वशास्त्र, जयदत्ताचे अश्ववैद्यक, आणि हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद, अशी ही आपल्याकडील पशुवैद्यकाची मोठी परंपरा आहे. शाहजहानच्या कारकीर्दीत शालिहोत्राचे फारसी भाषांतर झाले आणि त्यावरून १७८८ साली कलकत्त्यात इंग्रजी. दक्षिणेत तंजावरच्या मराठी राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात घोड्यांविषयीची सचित्र हस्तलिखिते जपून ठेवली गेली. नकुलाचे अश्वशास्त्र त्या चित्रांसह १९५२ साली तेथूनच प्रसिद्ध झाले. त्या चित्रांतले घोडे निळे, तांबडे, सोनेरी आहेत, आणि भोवरे कोठे असले म्हणजे धन्याला शुभ, कोठे असले म्हणजे अशुभ, याचा विचार अशा ग्रंथांत फार. आजच्या वाचकाला हा भाग कंटाळवाणा वाटेल, आणि तो तसा आहेही. परंतु त्याच पोथ्यांतून दात पाहून वय ओळखणे, चाल पाहून दुखरा पाय ओळखणे, ऋतुमानाप्रमाणे चारा बदलणे, अशी पिढ्यान्पिढ्यांच्या निरीक्षणाने घट्ट झालेली विद्याही विखुरलेली आहे.

सालोत्र्याच्या बटव्यात लेप होते, शेक होते, तेले होती. पण लंगडेपणावर त्याचे ब्रह्मास्त्र एकच, डागणी. लोखंडी सळई तांबडी होईपर्यंत तापवायची आणि सुजलेल्या शिरेवर, सांध्याभोवती, रेघा किंवा ठिपके ओढायचे. जेथे लोखंड नको तेथे बिब्बा. महाराष्ट्राच्या खेड्यांतून बैलाच्या खांद्यावर, मांडीवर असे डाग आजही दिसतात. पण हे केवळ आपल्याकडचे अज्ञान, असे समजण्याचे कारण नाही. फ्रान्समध्ये ल्यों येथे १७६० नंतरच्या वर्षांत जगातले पहिले पशुवैद्यक विद्यालय निघाले, १७९१ साली लंडनला निघाले. त्या विद्यालयांतूनही डागणी हीच घोड्याच्या पायावरची मान्यवर चिकित्सा होती. सुंदर, समांतर, सुबक रेघा ओढणे हे तिकडच्या वैद्याच्या हस्तकौशल्याचे लक्षण मानले जाई.

हिंदुस्थानात ही पाश्चात्त्य विद्या आली ती घोडदळामागून. १८६२ साली पुण्यास लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, १८८२ साली लाहोरला महाविद्यालय झाले, १८८६ साली मुंबईला परळ येथे. परळच्या महाविद्यालयाला सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यातून उभ्या राहिलेल्या बाई साकरबाई पशुरुग्णालयाचा आधार होता; ट्रामचे घोडे, बैल, घोडागाड्यांची जनावरे, पिंजरापोळांतली गुरे असा तेथला पहिला रुग्णवर्ग. त्याच १८८६ साली झांशीच्या नशिबाने आणखी एक वळण घेतले. किल्ला आणि शहर शिंद्यांकडे होते, ते इंग्रजांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या मोबदल्यात परत घेतले आणि तेथे मोठी छावणी वाढली. राणीच्या पागेत जेथे सालोत्री फिरत असतील, तेथे आता गोऱ्या पलटणीचे पशुवैद्य फिरू लागले. पोशाख बदलला, पोथी बदलली. शेगडीतली सळई तीच राहिली.

या डागणीने घोडे बरे होत असत काय? होत असत, पुष्कळ होत असत, आणि खरी अडचण तीच आहे. जो उपाय कधीच लागू पडत नाही तो लवकर नाहीसा होतो. जो अधूनमधून लागू पडल्यासारखा दिसतो तो हजार वर्षे टिकतो. यातले मर्म कळण्यासाठी घोड्याच्या पायाची घडण थोडी पाहिली पाहिजे.

घोडा ज्याला आपण पाय म्हणतो त्याच्या एका बोटाच्या टोकावर उभा असतो. गुडघ्याखाली मांस जवळजवळ नाहीच. वरच्या स्नायूंचे बळ खुरापर्यंत पोहोचते ते लांब दोऱ्यांसारख्या कंडरांमधून. लोक त्यांना शिरा म्हणतात. पायाच्या मागच्या बाजूने उतरणारी कंडरा दौडताना ताणते आणि सुटते, धनुष्याच्या दोरीसारखी. भरधाव घोड्याच्या एका पायावर क्षणभर त्याच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार येतो आणि ती कंडरा आपल्या लांबीच्या सोळा टक्क्यांपर्यंत ताणली जाते. यापुढे थोडे गेले की तंतू तुटू लागतात. इतकेच नव्हे, तर या ताणण्या-सुटण्यात जी उष्णता निघते ती कंडरेच्या गाभ्यात कोंडते. दौडणाऱ्या घोड्यांत तेथे ४५ अंश सेल्सियस तापमान मोजले गेले आहे. म्हणजे उत्तम घोडा आपली कंडरा धावताधावताच आतून भाजत असतो. अशा भाजलेल्या शिरेवर वरून तापलेली सळई लावणे ही चिकित्सा ठरावी, यापरते दैव ते काय!

तुटलेली कंडरा सांधते, पण पूर्ववत होत नाही. मूळचे तंतू एका दिशेने, वेणीसारखे शिस्तीत बसवलेले असतात. भरून आलेल्या जागी व्रणाचे तंतू वेडेवाकडे पडतात. जागा भरते, तिची लवचीकता भरत नाही. शिवाय ही भरपाई फार सावकाश होते, महिनोन्महिने लागतात. आणि येथेच डागणीचे रहस्य आहे. पाय डागलेला घोडा चालूच शकत नसे. जखमा सुकेपर्यंत आणि त्यानंतरही त्याला पागेत बांधून ठेवणे भाग पडे. एरवी स्वारीच्या घाईत ज्या घोड्याला पंधरा दिवसांची उसंत मिळाली नसती, त्याला डागणीच्या नावाने सहा महिने मिळत. मालकाच्या मनाला जे पटवता आले नसते ते जखमेने पटवले. विश्रांतीने केलेल्या कामाचे श्रेय लोखंडाने घेतले.

हे तर्काने पुष्कळांना जाणवले होते, पण तर्क आणि पुरावा यांत अंतर असते. पुरावा यायला १९८३ साल उजाडले. ब्रिस्टल विद्यापीठातल्या इयान सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंडरेच्या दुखापतीचा व तिच्यावरील उपचारांचा पद्धतशीर अभ्यास करून दाखवले, की डागणीने कंडरा अधिक चांगली सांधते असे दिसत नाही. वाद लगेच मिटला नाही. वडील पिढीतल्या वैद्यांनी आपल्या अनुभवाचे दाखले दिले, शर्यतीच्या घोड्यांच्या शिक्षकांनी दिले. अखेर १९९१ साली ब्रिटनच्या पशुवैद्यक मंडळाने ही चिकित्सा समर्थनीय नाही असे ठरवले. शालिहोत्रापासून चालत आलेला उपाय मोडीत काढायला पाश्चात्त्य पशुवैद्यकाला आपल्या पहिल्या विद्यालयापासून सव्वादोनशे वर्षे लागली, ही गोष्ट आपण आपल्या सालोत्र्याला हसण्यापूर्वी ध्यानात घ्यावी.

डागणी गेली, मग तिच्या जागी काय आले? १९८०च्या दशकात श्राव्यातीत ध्वनिलहरींनी कंडरेचा आतला भाग पडद्यावर पाहता येऊ लागला. राणी जे बाहेरच्या चालीवरून ताडत होती ते आता आतून दिसू लागले: अखंड दोरीच्या मध्यभागी एक काळे छिद्र, तुटलेल्या तंतूंची पोकळी. ती कातडीसारखी एखाद्या जिवंत पदार्थाने भरता येईल का, हा विचार तेथून पुढचा. त्याला आधार मिळाला माणसांसाठी चाललेल्या संशोधनाचा. अस्थिमज्जेत रक्त निर्माण करणाऱ्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात, आणि त्यांच्यापासून हाड, कूर्चा, चरबी अशा निरनिराळ्या ऊती तयार होऊ शकतात, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांच्या १९६० नंतरच्या कामातून पुढे आले होते. या त्या मूलपेशी. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातील रॉजर स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एका नव्या चिकित्सेचा वृत्तांत दिला. घोड्याच्याच अस्थिमज्जेतून या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत दोन-तीन आठवडे वाढवायच्या आणि ध्वनिलहरींच्या पडद्यावर पाहत पाहत कंडरेतल्या पोकळीत सोडायच्या. घोड्याचे औषध घोड्यातच, अशी ही कल्पना.

प्रारंभी असे वाटले होते की या पेशी तेथे रुजतात आणि स्वतःच नवी कंडरा होतात. पुढच्या अभ्यासांनी ही समजूत बरीच सैल केली. सोडलेल्या पेशींपैकी फारच थोड्या तेथे टिकतात. त्यांचे काम कारागिराचे कमी आणि मुकादमाचे अधिक आहे. त्या जे स्राव सोडतात त्यांनी दाह आवरतो आणि शरीराच्या स्वतःच्या पेशी शिस्तीने कामाला लागतात. या चिकित्सेचे फळ मोजणारा एक मोठा वृत्तांत २०१२ साली प्रसिद्ध झाला. अडथळ्यांच्या आणि इतर शर्यतींच्या १४१ घोड्यांचा त्यात दीर्घकाळ मागोवा घेतला होता. पुन्हा तीच कंडरा दुखावण्याचे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास निघाले. अन्य उपचार झालेल्या अडथळ्यांच्या शर्यतींतील घोड्यांत पूर्वी ते ५६ टक्क्यांच्या घरात नोंदलेले होते. आकडा डोळ्यांत भरण्याजोगा आहे. पण दोन वेगळ्या वेळी, वेगळ्या कळपांत केलेल्या मोजणीची ही तुलना आहे, एकाच वेळी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची नव्हे, हे विसरता येत नाही. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट वृत्तांताच्या तपशिलात आहे. पेशी सोडलेल्या घोड्याला त्यानंतर जवळजवळ वर्षभर मोजून-मापून चालवायचे असते: प्रथम उभे राहणे, मग हातात धरून काही मिनिटे चाल, मग दुडकी, अगदी शेवटी दौड. नव्या उपायातही विश्रांती आहेच, आणि ती जुन्यापेक्षा अधिक शिस्तीची आहे. मग श्रेयाची वाटणी कशी करायची? डागणीच्या वेळी जो प्रश्न विचारायला आपण शतके लावली तो येथे पहिल्या दिवसापासून विचारला जात आहे, एवढे तरी या विद्येचे वय वाढले आहे.

घोड्यांवरून ही चिकित्सा घरच्या कुत्र्याकडे वळली. आज शहरांतून जी मोठ्या हाडापेराची कुत्री पाळतात, लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, त्यांच्यात खुब्याचा सांधा सैल असण्याची खोड पुष्कळ आढळते. सैल सांध्यात कूर्चा झिजते, हाड हाडावर घासते, आणि सात-आठ वर्षांचे जनावर जिना चढेनासे होते. पेशी काढण्यासाठी अस्थिमज्जेऐवजी कुत्र्याची चरबी घेण्याचा प्रघात अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात पडला. त्याच्याच रक्तातले रक्तबिंबिकांनी समृद्ध द्रव काढून सांध्यात सोडण्याची पद्धतही आहे. ती स्वस्त म्हणून अधिक पसरली. युरोपीय संघात घोड्यांच्या लंगडेपणावरील मूलपेशींच्या तयार औषधाला प्रथम परवानगी मिळाली ती २०१९ साली, आणि कुत्र्यांच्या सांध्यांसाठी २०२२ साली. आपल्याकडे बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत या विषयावर काम चालते. या संस्थेचे मूळ पुण्यात आहे. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यास सुरू झालेली सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा १८९३ साली हिमालयात मुक्तेश्वरला हलवली गेली आणि तिचेच पुढे हे रूप झाले, याची आठवण पुणेकरांनाही क्वचितच असते.

कुत्र्याच्या बाबतीत एक नवीच अडचण उद्भवते, आणि ती वैद्यकाहून माणसाच्या मनाविषयी अधिक सांगते. घोडा पळाला की नाही हे शर्यतीचे मैदान सांगते. कुत्रा बरा झाला की नाही हे कोण सांगणार? त्याचा धनी. तो धनी तर त्याला मुलासारखा वाढवतो, त्याच्या दुखण्याने रात्र रात्र जागतो आणि उपचारासाठी मोठी रक्कम मोजून बसलेला असतो. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने या प्रेमाची परीक्षाच घेतली. सांधेदुखीच्या ज्या कुत्र्यांना खरे औषध न देता केवळ औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली होती, त्यांचा पाय जमिनीवर किती भार टाकतो हे यंत्राने मोजले. यंत्राने सुधारणा नाही असे दाखवलेल्या प्रसंगीही निम्म्याहून अधिक वेळा मालकांना जनावर सुधारल्याचे दिसत होते. आणि केवळ मालकच नव्हेत. चाल पाहण्याचा ज्यांचा व्यवसाय, त्या पशुवैद्यांच्या नजरेलाही चाळीस टक्क्यांहून अधिक वेळा तोच भास झाला. येथे सौदागर कोणी नाही, फसवणूक नाही, सगळेच प्रामाणिक आहेत. तरीही छाती फुटलेला घोडा धडधाकट दिसतो आहे. मूलपेशींच्या जाहिराती ज्या समाधानी मालकांच्या साक्षींवर उभ्या असतात त्यांचे मोल किती, हे या एका पाहणीवरून ठरवता येईल. यंत्रावर पाय ठेवून घेतलेल्या काही चाचण्यांत या चिकित्सेने खरोखरच गुण दिसला आहे, हेही त्याबरोबरच नोंदले पाहिजे. पण कोणत्या जनावराला, सांध्याच्या कोणत्या अवस्थेत, किती पेशींनी आणि किती महिने, यांची उत्तरे अद्याप तुटक आहेत. आणि विक्रेत्यांची भाषा मात्र अखंड आहे.

झांशीत आज राणीच्या नावाचे केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे, २०१४ च्या कायद्याने स्थापन झालेले. त्याचे पशुवैद्यक महाविद्यालय जवळच, दतियाला आहे. १९६२ पासून येथे गवत आणि चारा यांचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. घोडदळ गेले, छावणीत रणगाडे आले. परंतु या प्रदेशातल्या जनावरांचे पाय काही कमी दुखत नाहीत. बुंदेलखंडात ‘अन्ना’ म्हणून एक रूढी आहे. पूर्वी पीक निघाल्यावर उन्हाळ्यापुरती गुरे मोकळी सोडत; आता चारा-पाण्याच्या ओढीने, आणि ट्रॅक्टरने बैलाचे काम घेतल्याने, भाकड गाई आणि निरुपयोगी बैल वर्षभर मोकाट सुटलेले असतात. महामार्गाच्या कडेला रात्री त्यांचे कळप बसतात, आणि त्यांतले पाय मोडलेले, खुब्यात लचकलेले जनावर गाडीवाल्यांच्या नित्य पाहण्यात येते. त्याला धनी नाही, म्हणून त्याला रोगी म्हणण्याचीही सोय नाही.

ज्याला धनी आहे त्याची गोष्ट निराळी. पावसाळा सरला की वीटभट्ट्या पेटतात, आणि कच्च्या विटा भट्टीपर्यंत वाहण्यासाठी खेचरे व गाढवे जुंपली जातात. हंगाम पावसाळ्यापर्यंतचा, मजुरी खेपांवर. खेचराची शीर सुजते, मालक तिला बिब्बा लावतो किंवा डाग देतो, आणि तिसऱ्या दिवशी ते पुन्हा ओझ्याखाली असते. शिलेदाराला डागणीच्या निमित्ताने घोडा सहा महिने बांधून ठेवता येत असे. येथे डागणी उरली आहे आणि सहा महिने गेले आहेत. सरकारी दवाखान्यातला वैद्य सुजेवर औषध देतो आणि सांगतो की याला पावसाळ्यापर्यंत उभे ठेवा. मालक मान डोलावतो. मग पागोट्याच्या शेवाने खेचराच्या पायावरची धूळ पुसतो आणि विचारतो, तोवर विटा कोणाच्या पाठीवर घालू?